आधी घट मोजा, मग चाच्यामागं पळा: युरोपा युनिव्हर्सलिस ४ मध्ये प्रायव्हेटियरचा बंदोबस्त

आमचे काका भाजीचे अडते, बेळगावातून चोर्ला घाटानं गोव्याला माल जातो त्यांचा. रोज सकाळी फोनवर एकच प्रश्न असतोय, "घट किती आली?" इथं काट्यावर केलेलं वजन नि म्हापशात उतरलेलं वजन यातला फरक म्हणजे घट. थोडी सुकते, थोडी सडते, थोडी वाटेत कोणीतरी काढून घेतंय. काका लगेच ड्रायव्हरच्या अंगावर जात नाहीत, आधी आठवडाभराची घट वहीत मांडतात, कुठल्या मालात किती, कुठल्या गाडीत किती. मग ठरवतात की भांडायचं का नुसतं पोती बदलायची.

मी हे का सांगतोय, तर युरोपा युनिव्हर्सलिस ४ हा देश चालवायचा कॉम्प्युटर गेम खेळताना पहिली दोन-तीन वर्षं मी बरोबर उलटं करत होतो. ट्रेड नोडमध्ये, म्हणजे नकाशावरच्या व्यापाराच्या एका केंद्रात, काळा झेंडा दिसला की डोकं फिरायचं, सगळं आरमार घेऊन त्याच्यामागं, आणि वर्षअखेरीला खजिना रिकामा. चाचा गेला पण मी पण गेलो. म्हणून हा लेख. ज्याला गेम थोडा तरी येतोय, मर्चंट पाठवता येतोय, पण प्रायव्हेटियर आले की काय करायचं कळत नाही त्याच्यासाठी.

प्रायव्हेटियर म्हणजे नेमकं कोण

पायरेट म्हणजे साधा दरोडेखोर, कोणाचाच नाही. प्रायव्हेटियर म्हणजे राजाचं लायसन घेतलेला दरोडेखोर, लुटीतला हिस्सा राजाला जातो आणि राजा वर हात करून म्हणतो, "माझा काय संबंध?" ड्रेकनं १५७९ ला पॅसिफिकमध्ये स्पेनचं चांदीनं भरलेलं जहाज धरलं, तेव्हा इंग्लंड नि स्पेनमध्ये उघड युद्ध नव्हतंच की. गेममध्येही हेच, युद्ध न पुकारता दुसऱ्याच्या व्यापारात हात घालायचा. आणि खऱ्या इतिहासात हा धंदा मोठ्या सत्तांनी कागदावर बंद केला तो १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यानं, गेम संपतोय १८२१ ला, म्हणजे हा ताप तुम्हाला शेवटपर्यंत पुरणार.

आपल्या किनाऱ्यावर चित्र थोडं वेगळं होतं. पोर्तुगीज 'कार्ताझ' नावाचा परवाना विकायचे, तो नसला की जहाज जप्त. पुढं कान्होजी आंग्र्यांनी तेच शस्त्र उलटं फिरवलं, आमचा दस्तक घ्या नाहीतर गुराबा नि गलबतं मागं लागतील. इंग्रज त्यांना पायरेट म्हणायचे. आपण सरखेल म्हणतो. कोण चाचा नि कोण आरमारप्रमुख हे तुम्ही कुठल्या जहाजावर उभे आहात त्यावर ठरतंय, आणि गेमनं ही गोष्ट बरोबर पकडलीय, कारण तिथं तुम्ही दोन्ही बाजूंनी खेळू शकता.

प्रायव्हेटियरचं मिशन 'वेल्थ ऑफ नेशन्स' या २०१४ च्या डीएलसीसोबत (गेमला जोडून वेगळी विकत घ्यायची भर) आलं. ती नसेल तर तुम्हाला स्वतः चाचे पाठवता येत नाहीत.

पायरी १: नोड उघडा, नुसतं बघा, काही करू नका

स्पेस दाबून गेम थांबवा. ट्रेड मॅपमोड लावा, तुमचा नोड उघडा. तिथं यादी असते कोणाची किती ट्रेड पावर, म्हणजे त्या व्यापारावर कोणाचा किती जोर. त्यात काळ्या झेंड्याचा एक देश दिसला तर तोच चाच्यांचा गठ्ठा. जेवढ्या देशांनी तिथं चाचे सोडलेत त्या सगळ्यांची ताकद या एका नावाखाली जमा होते. मग नकाशावर त्या नोडच्या समुद्रात कोणाच्या लाइट शिप्स, म्हणजे व्यापाराची हलकी जहाजं, घिरट्या घालताहेत ते बघा, चोर कोण ते तिथं कळतंय. बहुतेक वेळा तुम्हाला रायव्हल, म्हणजे जाहीर प्रतिस्पर्धी, मानणारा कोणीतरी असतो.

इथं एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. चाचे तुमची जहाजं लुटत नाहीत. मर्चंट मरत नाही, बंदर जळत नाही. चाचे फक्त नोडमधल्या पावरमध्ये स्वतःचा हिस्सा टाकतात आणि तेवढ्या टक्क्याचा पैसा नोडमधून काढून घेतात. म्हणजे दुकानात एक नको असलेला भागीदार घुसला असं समजा. भागीदाराला हाकलायचे दोन रस्ते, एक तर त्याला हाणायचा, नाहीतर आपला हिस्सा एवढा वाढवायचा की त्याच्या वाट्याला चिल्लर यावी. बहुतेक लोक पहिल्याच रस्त्याला लागतात, मीही तेच करायचो.

पायरी २: घट काढा, कागदावर

हो कागदावरच. आकडे मी हिशोबाला सोपे घेतलेत, तुमच्या गेममधले तुम्ही घाला.

समजा नोडमध्ये महिन्याला २० डुकॅटचा (डुकॅट म्हणजे गेममधलं नाणं) व्यापार आहे आणि तुम्ही तिथंच कलेक्ट करताय, म्हणजे पैसा काढून घेताय. एकूण पावर २००, त्यात तुमची ५०. म्हणजे २५ टक्के, महिन्याला ५ डुकॅट.

आता चाचे ४० पावर घेऊन आले. एकूण झाली २४०, तुमची ५० तशीच. टक्केवारी २०.८, पैसे ४.१७. म्हणजे घट महिन्याला ०.८३, वर्षाला साधारण १० डुकॅट. एवढंच. यासाठी तुम्ही ५० डुकॅटचं एक याप्रमाणे आठ हेवी शिप्स, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, बांधायला निघाला होता, बघा की जरा.

आता तुम्ही १० लाइट शिप्स बांधल्या, एक २० डुकॅटची, म्हणजे २०० गेले. एका जहाजाला ३ पावर धरू. तुमची झाली ८०, एकूण २७०. टक्केवारी २९.६, पैसे ५.९३. म्हणजे चाचे असतानाही तुम्ही आधीपेक्षा वर. १.७६ ची वाढ. देखभालीला महिन्याला अर्धं डुकॅट धरलं तर हाती १.२६, वर्षाला १५, म्हणजे २०० वसूल व्हायला १३ वर्षं.

तेच एका सेंटर ऑफ ट्रेडच्या (व्यापारी पेठेच्या) प्रांतात मार्केटप्लेस ही इमारत बांधली तर? १०० डुकॅट, त्या प्रांताची स्थानिक ट्रेड पावर ५० टक्क्यांनी वाढते. प्रांताची १६ असेल तर ८ वाढली. तुमची ५८, एकूण २४८, टक्केवारी २३.४, पैसे ४.६८. वाढ अर्धं डुकॅट, वर्षाला ६, वसुली १६ वर्षांत. जहाजापेक्षा थोडं उशिरा, पण मार्केटप्लेस बुडत नाही, त्याला खलाशी लागत नाहीत, युद्ध लागलं की बंदरात लपवावं लागत नाही. आणि प्रांताच्या पावरचा २० टक्के भाग वरच्या बाजूच्या, म्हणजे जिथून माल आपल्याकडं वाहत येतो त्या, नोडमध्येही झिरपतो, जहाजांच्या पावरचा झिरपत नाही. हे लोक विसरतात.

आता खरी मेख. तोच हिशोब ८ डुकॅटच्या गरीब नोडला लावा. दहा जहाजांनी वाढ मिळते ०.७, देखभाल गेल्यावर ०.२. दोनशे डुकॅट वसूल व्हायला ऐंशी वर्षं, म्हणजे तुमचा नातू वसूल करेल. गरीब नोडात चाचे आले तर चहा घ्या नि पुढं जा. पैसा जिथं दाट तिथंच जहाज.

पायरी ३: आधी जमिनीवरचं काम

माझा क्रम असा असतोय. किनाऱ्यावरच्या सेंटर ऑफ ट्रेडमध्ये मार्केटप्लेस. मग लेव्हल वाढवणं, पहिलीवरून दुसरीला २०० डुकॅट आणि प्रांताचं डेव्हलपमेंट (विकासाचा आकडा) १० हवं, दुसरीवरून तिसरीला १००० डुकॅट आणि डेव्हलपमेंट २५. तिसऱ्या लेव्हलचा भाव बघून जीव वर येतो पण पावर ५ वरून १० आणि मग एकदम २५ होते, म्हणून मुख्य बंदराला ते एकदा करायचंच. नदीच्या मुखाचा प्रांत, ज्याला गेममध्ये एस्च्युअरी म्हणतात, तो शेजाऱ्याकडं असेल तर पुढच्या युद्धात मागून घ्या, त्याची पावर फुकटात येते.

मर्चंट कुठं बसवायचा? होम नोडमध्ये, म्हणजे आपल्या मुख्य व्यापारी बंदराच्या नोडमध्ये, मर्चंट बसवून कलेक्ट केलं की ट्रेड एफिशियन्सी (व्यापारातून हाती येणारा पैसा वाढवणारा टक्का) १० टक्के मिळते. पण होम नोड सोडून दुसरीकडं कलेक्ट करायला गेलात की पावर अर्धी होते. चाच्यांनी आधीच टक्का खाल्लाय नि वर तुम्ही स्वतःच अर्धी पावर कापून घेताय, असं नको. बाहेरच्या नोडात मर्चंट बसवायचा तो स्टीअर करायला, माल आपल्याकडं वळवायला.

पायरी ४: आरमाराचे दोन ताफे, एकत्र नको

इथं जरा सावकाश वाचा, खरी चूक इथंच होते.

पहिला ताफा व्यापाराचा, फक्त लाइट शिप्स. त्याला प्रोटेक्ट ट्रेड मिशन द्या. मिशनची यादी उघडली की नोडगणिक किती फायदा होईल याचा अंदाज दिसतो, त्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका, पण क्रम लावायला बरा. मी सगळी जहाजं एका दमात पाठवत नाही. पाच पाठवतो, पुढच्या महिन्याची एक तारीख जाऊ देतो, इकॉनॉमीच्या पानावर ट्रेडचा आकडा बघतो, लिहून ठेवतो. मग आणखी पाच. दुसऱ्या पाचांनी पहिल्या पाचांएवढी भर घातली नाही की थांबतो नि उरलेली दुसऱ्या नोडला. प्रत्येक वाढीव जहाजाचा फायदा आधीच्यापेक्षा कमीच असतोय, टक्केवारीचं गणितच तसं आहे.

दुसरा ताफा मारामारीचा, हेवी शिप्स मुख्य आणि सोबत चार-पाच लाइट. हा बंदरात ठेवायचा, रोज समुद्रात फिरवायचा नाही. गॅली स्वस्त मिळतात, १० डुकॅटला एक, म्हणून मोह होतो, पण त्यांचा जोर भूमध्य समुद्र, बाल्टिक अशा आतल्या समुद्रात. आपल्या अरबी समुद्रात उघड्या पाण्यावर त्यांना तो बोनस नाही. कोकण किनाऱ्यावर गॅलीचं आरमार बांधून पोर्तुगीजांच्या कॅरॅक या मोठ्या जहाजांसमोर जायचं म्हणजे सायकल घेऊन हायवेवर ट्रकला कट मारायला जाण्यासारखं.

दोन्ही ताफे एकत्र केले की काय होतंय, हेवी शिप्स व्यापाराला एक पैशाची पावर देत नाहीत पण देखभाल खातात, आणि लढाई लागली की लाइट शिप्स विनाकारण मधे येऊन बुडतात. वेगळे ठेवा, प्रत्येकाला कंट्रोल बटण धरून एक-दोन नंबर देऊन टाका म्हणजे शोधत बसावं लागत नाही.

नेव्हल फोर्स लिमिटवर (किती जहाजं पोसता येतात ती मर्यादा) लक्ष असू द्या. लिमिट ओलांडली की खर्च चढतो आणि वरच्या हिशोबातली १३ वर्षं २० होतात. सेलर्सचा (खलाशांचा) साठाही बघत चला, किनारा कमी असलेल्या देशाला तो लवकर आटतो.

पायरी ५: चाच्यामागं कधी जायचं

तीन वेळा. एक, नोड श्रीमंत आहे आणि घट तुमच्या महिन्याच्या ट्रेडच्या पाचव्या-सहाव्या हिश्शापेक्षा जास्त. हा आकडा माझा, अनुभवाचा, गेमचा नियम नाही. दोन, तुमची ट्रेझर फ्लीट त्या नोडमधून जातेय. तीन, चाचे पाठवणारा असाही तुमच्या यादीत होता नि तुम्हाला निमित्तच हवं होतं.

ट्रेझर फ्लीटचं थोडं सांगतो. एल डोराडो डीएलसी असेल आणि तुमच्या अमेरिकेतल्या वसाहतीत सोन्याच्या खाणी असतील तर तिकडून खजिन्याचा ताफा निघतो, नोडमागून नोड पार करत घरी येतो. वाटेतल्या नोडमध्ये चाचे बसले असले की त्यांच्या पावरच्या प्रमाणात ते हिस्सा कापतात. इथं घट ०.८ डुकॅटची नसते, एका झटक्यात मोठा लचका जातो. स्पेननं सोळाव्या शतकात चांदीची जहाजं एकटी पाठवणं बंद करून ताफ्यानं पाठवायला सुरुवात केली ती याच भीतीनं, आणि तरी १६२८ ला डच पीट हेननं क्यूबाच्या मातांझासजवळ अख्खा ताफा धरलाच. भारतातला देश घेऊन खेळणाऱ्यांना हे क्वचितच लागतं, स्पेन-पोर्तुगालवाल्यांनी मात्र कॅरिबियनपासून सेव्हिलपर्यंतचे नोड दर दोन-तीन वर्षांनी तपासायचेच.

आपल्याकडचं उदाहरण गंज-इ-सवाईचं. १६९५, मोख्याहून सुरतेला परत येणारं औरंगजेबाचं जहाज, तोफा भरपूर, माणसं भरपूर. हेन्री एव्हरीनं आधी सोबतचं फतेह महंमद गाठलं, मग हे. एव्हरी लायसनवाला नव्हता, सरळ पायरेट, पण भोगलं कोणी तर सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांनी, ते तुरुंगात गेले आणि पुढं कंपनीला मुघलांच्या जहाजांना संरक्षण द्यायची जबाबदारी घ्यावी लागली. जहाज किती मोठं याला अर्थ नाही, सोबतीचा ताफा विस्कळीत झाला की मोठं जहाजही एकटंच.

शिकारीची पद्धत सांगतो. हंट पायरेट्स हे मिशन याच कामासाठी आहे, त्या भागावर ताफा लावून ठेवायचा. पण एक-दोन जहाजं लावून उपयोग नाही. चाच्यांचा ताफा बाराचा असेल तर तुमच्या चार लाइट शिप्स त्यांना खाद्य. हेवी शिप्स घाला नाहीतर जाऊच नका. ताफ्याला ॲडमिरल द्या, ठोके बसलेली जहाजं वेळेवर बंदरात घ्या. आणि लांबच्या नोडात जायचं असेल तर आधी तिथल्या एखाद्या मित्र देशाकडून फ्लीट बेसिंग राइट्स (त्याच्या बंदरात आपली जहाजं ठेवायचा हक्क) घ्या. दुरुस्तीला जवळ बंदर नसलं की जिंकलेलं आरमार परत येता येता अर्धं होतंय, हे मी एडनच्या आखातात शिकलो नि पुन्हा झांजिबारला शिकलो, एकदा शिकून डोक्यात राहत नाही काही गोष्टी.

पायरी ६: जहाज न हलवता करायच्या गोष्टी

एम्बार्गो, म्हणजे व्यापारबंदी. रायव्हलवर लावला की त्याचा तुमच्या पावर असलेल्या नोडांमधला व्यापार घटतो. पण रायव्हल नसलेल्यावर विनाकारण लावलात तर तुमचीच ट्रेड एफिशियन्सी कमी होते, म्हणजे दुकानदाराशी भांडण म्हणून स्वतःच्या घरी किराणा बंद. चाचे पाठवणारा तुमचा रायव्हल नसेल आणि करता येत असेल तर आधी रायव्हल करा, मग एम्बार्गो.

युद्ध झालंच तर शांततेच्या अटीत ट्रेड पावर ट्रान्सफर मागा. ॲग्रेसिव्ह एक्स्पान्शनची (प्रांत गिळले की शेजारी बिथरतात ती) कटकट नाही, आणि ज्या पावरच्या जोरावर तो उड्या मारत होता त्यातली काही तुमच्याकडं येते. मराठी मनाला प्रांतच हवा असतोय हे मान्य आहे, पण व्यापारी म्हणून विचार केला तर ही अट भारी.

पायरी ७: आता स्वतः चाचे पाठवायचे

बचाव कळला की हल्ला आपोआप कळतो. लाइट शिप्स निवडा, मिशन प्रायव्हेटियर, नोड निवडा. लुटीतला काही वाटा तुमच्या खजिन्यात येतो. त्या नोडमध्ये तुमचा रायव्हल दादा असेल तर वर पावर प्रोजेक्शनही (जगातला दरारा) मिळतं, आणि मला विचाराल तर खरी कमाई तीच, पैसे दुय्यम.

नोड निवडायचा नियम एकच, जिथं तुमचं स्वतःचं काही नाही तिथं. तुमची पावर आहे तिथं चाचे पाठवणं म्हणजे स्वतःच्याच ताटातलं उचलणं. आणि यापेक्षा मोठा खड्डा असा, की जो नोड बाणानं तुमच्या नोडकडं वाहतोय तिथं चाचे पाठवू नका. मी हे केलंय. पोर्तुगीज मलाक्कात घुसले होते, राग आला, पंधरा जहाजं प्रायव्हेटियरला लावली. मलाक्काचा माल भारताच्या बाजूनं वाहतो, चाच्यांनी तिथंच पैसा काढला, खाली येणारी धार आटली आणि माझंच ट्रेडचं उत्पन्न पडलं. दोन वर्षं मला वाटत होतं गेममध्ये बग आहे. मग बाण बघितले. ट्रेड मॅपमोडमधले बाण आधी बघा, हे घरात मोठ्या अक्षरात लिहून लावा.

म्हणजे चाचे नेहमी प्रवाहाच्या खालच्या बाजूला, माल तुमच्या हातातून गेल्यानंतर शत्रूच्या दारात. भारतातून खेळताय तर होर्मुझ, अलेक्झांड्रिया, त्याहून पुढं. सप्लाय रेंज (रसद पोचायचं अंतर) पुरत नाही तिथं पुन्हा बेसिंग राइट्स.

पायरी ८: युद्ध लागलं की

चाच्यांपेक्षा जास्त नुकसान युद्धाच्या पहिल्या महिन्यात होतं, आणि ते पूर्ण आपल्या गलथानपणानं. प्रोटेक्ट ट्रेडवर विखुरलेल्या लाइट शिप्स शत्रूच्या हेवी ताफ्याला एक एक करून सापडतात. युद्ध तुम्ही पुकारणार असाल तर महिनाभर आधीच व्यापाराचा ताफा बंदरात घ्या. दुसऱ्यानं पुकारलं तर गेम थांबवून पहिलं काम तेच. युद्ध लागल्यावर जहाजं आपोआप बंदरात जावीत अशी सोय मिशनमध्ये आहे, ती चालू आहे का ते शांततेत तपासा. मग शत्रूनं बंदर ब्लॉकेड केलं तर प्रांताची पावर पडते, डेव्हास्टेशन (नासधूस) चढतं, म्हणून मारामारीचा ताफा मुख्य बंदराजवळ ठेवायचा, एखादा किल्ला वाचवायला पाठवायचा नाही.

आता निपाणीच्या मावसभावाची गोष्ट. आम्ही दोघं मल्टिप्लेअर खेळत होतो, मी बहमनी, तो विजयनगर. सुरुवात ११ नोव्हेंबर १४४४. बेळगाव खऱ्या इतिहासात तेव्हा विजयनगरकडं, महमूद गवाननं ते बहमनीत घेतलं १४७२ च्या सुमाराला, म्हणजे आमचा सीमाभाग तेव्हाही सीमाभागच होता, यावर आमची फोनवर अर्धा तास चर्चा झाली नि गेम पॉजवर. तर हा पठ्ठ्या तोंडानं "दादा, आपण भाऊ भाऊ, नॉन ॲग्रेशन" म्हणत होता आणि मला माझ्या किनाऱ्याच्या नोडात काळा झेंडा दिसला. विचारलं तर म्हणतो, "माझे नाहीत, ओमानवाल्याचे असतील." समुद्रात बघितलं तर बारा जहाजं, त्याचाच रंग. "सुम्ने फिरताहेत," म्हणे. आमच्याकडं कन्नडातला हा शब्द मराठीत इतका मुरलाय की त्याला भाषांतर नाही, सुम्ने म्हणजे असंच, काही कारण नाही.

मी ओरडलो नाही. वही काढली. घट महिन्याला सव्वा डुकॅट, नोड श्रीमंत, म्हणजे जायला हरकत नाही, पण माझ्याकडं हेवी शिप्स तीनच. तर मी चार वर्षं गप्प बसलो. दोन मार्केटप्लेस बांधले, एका बंदराची लेव्हल वाढवली, टक्का जवळजवळ भरून निघाला. त्याला वाटलं मला पत्ताच नाही. तोवर हेवी शिप्स आठ केल्या आणि एक साधा ॲडमिरल घेतला. मग माझ्या लाइट शिप्स बंदरात घेतल्या आणि पुढच्या महिन्याला युद्ध पुकारलं. त्याची बारा जहाजं प्रायव्हेटियरला माझ्याच दारात, त्याच्या बंदरापासून लांब. त्यानं पळवायला सुरुवात केली, पण ती सगळी एका गठ्ठ्यात होती नि माझा ताफा आधीच वाटेवरच्या समुद्रात उभा होता. बारातली नऊ बुडाली, तीन पळाली.

तहात मी प्रांत मागितला नाही. ट्रेड पावर ट्रान्सफर आणि वॉर रिपॅरेशन्स, दहा वर्षं त्याच्या उत्पन्नातले दहा टक्के. मावसभाऊ म्हणाला, "दादा, बेळगाव तरी घ्यायचं की, एवढं जिंकून." मी म्हटलं राहू दे, तिथं आधीच लई भांडणं आहेत.

एक गोष्ट राहिली. डिप्लोमॅटिक तंत्रज्ञान पुढं गेलं की ठरावीक टप्प्यांवर लाइट शिप्सचा नवा प्रकार मिळतो आणि त्याची ट्रेड पावर जास्त असते. व्यापाराच्या ताफ्याला अपग्रेड आधी द्या, मारामारीच्या ताफ्याला नंतर, युद्ध समोर दिसत असेल तरच उलटं. आणि अपग्रेड केल्यावर जहाजं परत मिशनवर गेली का ते बघा. माझी एकदा बंदरात सात वर्षं सुम्ने उभी होती.